सडा व गुरचराई, सिंधुदुर्गातील
कोकणातील जांभ्या दगडाच्या उघड्या, सपाट पठारांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गुरांची चराई आणि तिच्या आधाराने टिकून राहिलेला वन्यजीवांचा अधिवास. महाराष्ट्राच्या दक्षिण कोकणात अशा पठारास ‘सडा’ व त्यावरील उघड्या खडकास ‘कातळ’ म्हणतात. देवगड, मालवण व वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत सड्यांचा विस्तार मोठा आहे. महसुली दप्तरात सडा बहुधा लागवडीस निरुपयोगी म्हणून नोंदला गेला. प्रत्यक्षात मात्र तो शेतीव्यवस्थेचा अविभाज्य भाग होता. खोलगट भागातील भातशेती, गोठ्यातील गुरे व माथ्यावरील सडा यांचे परस्परावलंबन समजल्याशिवाय सड्यावरील फुले, पक्षी व बेडूक यांच्या अस्तित्वाचा उलगडा पूर्णतः होत नाही.

भूरचना व जीवसृष्टी : सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारी भाग हा समुद्रसपाटीपासून साधारणतः २०० मी.पेक्षा कमी उंचीच्या जांभ्या पठारांचा व त्यांच्यामधील अरुंद दऱ्यांचा बनलेला आहे. दऱ्यांच्या तळाशी भाताची शेते व नारळी-पोफळीच्या बागा, उतारावर झाडी व वस्ती आणि माथ्यावर सडा अशी येथील गावाची सर्वसाधारण मांडणी असते. वार्षिक पर्जन्यमान ३,००० मिमी.च्या आसपास असूनही सड्यावर मोठी झाडे क्वचितच वाढतात. कारण मातीचा थर अत्यंत पातळ असतो आणि पावसाळ्यात साचलेले पाणी हिवाळ्याच्या प्रारंभीच आटून जाते. त्यामुळे वर्षातील चार महिने दलदल व पुढील सहा-सात महिने तापलेला खडक अशी टोकाची परिस्थिती येथे निर्माण होते.

या परिस्थितीशी जुळवून घेतलेल्या वनस्पती अल्पजीवी व बुटक्या असतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात सड्यावर गेंद, सीतेची आसवे, दवबिंदू, तेरडा इत्यादींचे ताटवे फुलतात. यांपैकी सीतेची आसवे व दवबिंदू या कीटकभक्षक वनस्पती असून त्या पोषकद्रव्यांचा अभाव असलेल्या जमिनीतच तग धरतात. दिपकाडी ही कंदवर्गीय वनस्पती कोकण व गोव्यातील जांभ्या पठारांपुरती सीमित आहे. खडकातील उथळ डबक्यांत बेडकांची पिले व अल्पजीवी सूक्ष्म कवचधारी प्राणी वाढतात. सुट्या दगडांखाली फुरसे, पाली, विंचू इत्यादींचा आसरा असतो. टिटवी, चंडोल व तीरचिमणी हे जमिनीवर घरटी करणारे पक्षी, तसेच ससा व कोल्हा हे प्राणी उघड्या माळावर वावरतात. हिवाळ्यात भोवत्यासारखे शिकारी पक्षी येथे येतात. या सर्वांची समान गरज म्हणजे आखूड गवताची, दूरवर दिसणारी मोकळी जमीन.

सड्याचे मोकळेपण सर्वत्र एकाच कारणाने आलेले नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. निव्वळ कातळ हा निसर्गतःच उघडा असतो. त्यासाठी गुरांची आवश्यकता नाही. परंतु कातळाच्या कडेने, खळग्यांत व उतारांच्या माथ्यावर जेथे काही सेंमी. माती साठते, तेथे उंच गवत, करवंदीसारखी झुडपे व क्रमाने झाडे वाढू शकतात. हा पट्टा मोकळा राखण्याचे कार्य मुख्यतः चराई, गवतकापणी, राबासाठी होणारी कवळतोड व काही प्रमाणात आग यांनी केले.

प्राचीन अवशेष : सड्यांवर मानवाचा वावर अतिप्राचीन आहे. कातळावर कोरलेली प्राण्यांची व मानवांची चित्रे, म्हणजे कातळशिल्पे, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि गोव्यात मोठ्या संख्येने आढळली आहेत. मालवण तालुक्यातील कुडोपी येथील कातळशिल्पांचा समावेश २०२२ साली यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत करण्यात आला. रत्नागिरी जिल्ह्यातील काही शिल्पांत हत्ती व गेंडा हे प्राणी दिसतात. या शिल्पांच्या कालाविषयी संशोधकांत मतभेद आहेत; तथापि पाळीव गुरे येण्यापूर्वीही येथे मोठे तृणभक्षक प्राणी परिचित असावेत, असे अनुमान त्यांवरून करता येते. वन्य तृणभक्षक नाहीसे झाल्यावर त्यांची जागा बऱ्याच अंशी गाय व म्हैस यांनी घेतली, असे मानल्यास सड्यावरील चराई ही केवळ मानवी अतिक्रमण न ठरता एका जुन्या प्रक्रियेचे पुढील रूप ठरते.

शेतीव्यवस्थेतील स्थान : दक्षिण कोकणातील परंपरागत शेती भातावर आधारलेली होती. भाताच्या खाचरांखेरीज डोंगरउतारावरील ‘वरकस’ जमिनीत नाचणी, वरी, हरीक इ. पिके आळीपाळीने घेतली जात आणि नंतर ती जमीन काही वर्षे पड टाकली जाई. पड काळात तिच्यावर गवत वाढे व गुरे चरत. भाताची रोपे तयार करण्यासाठी ‘राब’ भाजत. त्यासाठी शेण, पालापाचोळा, गवत व ऐन-किंजळ यांसारख्या झाडांच्या कवळांचा उपयोग होई. नांगरट बैलांनी किंवा रेड्यांनी केली जाई. अशा रीतीने गुरे ही दुधापेक्षा खत व श्रम यांसाठीच प्रामुख्याने पाळली जात.

गुरांच्या हालचालींना वर्षाचे निश्चित चक्र होते. मृगाच्या पेरणीपासून भातकापणीपर्यंत शेते गुरांना बंद असत. या काळात गावातील गुरे सकाळी ‘गोठणी’वर जमत व तेथून गुराख्याबरोबर सड्यावर जात. गुराखी धान्याच्या मोबदल्यावर ठेवला जाई, किंवा घराघरांतून पाळीने राखण केली जाई. कापणीनंतर शेते खुली होत व गुरे मोकाट सोडली जात. त्या वेळी पडणारे शेण पुढील हंगामाच्या उपयोगी पडे. उन्हाळी ‘वायंगण’ भात घेणाऱ्या मळ्यांभोवती काटेरी वई घालीत. बागा व परड्यांभोवती जांभ्या दगडांचे, चुन्याशिवाय रचलेले ‘गडगे’ असत. गडग्यांच्या फटींत पाली, सरडे, साप व मुंगूस यांना आसरा मिळे. सड्यावरील काही भागांत पावसाळ्यानंतर गवत राखून ते कापले जाई व घराजवळ ‘उडवी’ रचून उन्हाळ्यासाठी साठविले जाई.

डोंगराळ भागात गवळी धनगरांची म्हशी व गाई पाळण्याची स्वतंत्र परंपरा होती. लोणी-तूप देऊन धान्य घेणे हा त्यांच्या उपजीविकेचा पाया होता. माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या समाजाच्या परिसंस्थीय स्थानाचे विवेचन केले आहे. गुराख्यांच्या जीवनात वन्य प्राण्यांविषयीची भीती व आदर एकत्र नांदत असे. दिवाळीच्या सुमारास कोकणात पाळली जाणारी वाघबारस व बलिप्रतिपदेस होणारी गुरांची पूजा ही त्याची साक्ष होय.

येथील देशी गुरे आकाराने लहान, काटक, अतिवृष्टी व उष्मा सहन करणारी आणि खडकाळ चढणीवर सहज चालणारी असतात. दीर्घकाळ त्यांना कोणत्याही जातीचे नाव नव्हते व ‘गावठी’ म्हणूनच त्यांची गणना होई. कोकणातील या गुरांना ‘कोकण कपिला’ या नावाने स्वतंत्र गोवंश म्हणून कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोची मान्यता २०१८ साली मिळाली. गोव्यातील पांढऱ्या गुरांची ‘श्वेत कपिला’ म्हणून नोंद २०२० साली झाली.

चराईचे परिणाम : चराईमुळे उंच व जोमदार गवतांची वाढ रोखली जाते आणि बुटक्या वनस्पतींना सूर्यप्रकाश मिळतो. ओल्या मातीत उमटलेल्या खुरांच्या खळग्यांत पाणी साठते. गुरांच्या चालण्याने उडालेले कीटक गायबगळा, कोतवाल, साळुंकी व धोबी हे पक्षी टिपतात. शेणावर जगणारे भुंगेरे हे पक्ष्यांचे व कोल्ह्यांचे अन्न होते. पूर्वी मृत गुरे गावाबाहेर टाकली जात व गिधाडे त्यांचा फडशा पाडीत. १९९० नंतरच्या दशकात गिधाडांची संख्या देशभर झपाट्याने घटली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्यास कारणीभूत असल्याचे सिद्ध झाल्यावर भारत सरकारने २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. गुरे व वन्यजीव यांचे संबंध किती निकटचे आहेत, हे या घटनेने दाखवून दिले.

याहून महत्त्वाचा, परंतु सहसा दुर्लक्षित असा परिणाम पोषकद्रव्यांच्या स्थलांतराचा होय. गुरे दिवसा सड्यावर चरत व रात्री गोठ्यात बांधली जात. त्यामुळे सड्यावरील गवतातील पोषकद्रव्यांचा बराचसा अंश शेणाच्या रूपाने गोठ्यात व तेथून खाचरात जाई. शेते सुपीक होत आणि सडा कायम निकस राही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा निकसपणा दोष होता. परंतु गेंद, दवबिंदू यांसारख्या वनस्पतींच्या दृष्टीने तीच जगण्याची अट होती. गुरे रात्रंदिवस सड्यावरच राहिली किंवा त्यांची संख्या प्रमाणाबाहेर वाढली, तर शेणाने जमीन बदलते, डबकी गढूळ होतात व माती उघडी पडून वाहून जाते. म्हणून चराई हितकारक की अपायकारक, हे गुरांची संख्या, हंगाम व रात्रीच्या मुक्कामाची जागा यांवर अवलंबून असते.

अशीच व्यवस्था यूरोपातही होती. उत्तर जर्मनीतील लूनेबुर्गच्या माळांवर मेंढ्या दिवसा चारून रात्री कोंडवाड्यात ठेवीत व तेथील खत शेतांस देत. त्यातून निर्माण झालेला निकस, फुलांनी बहरणारा झुडपी माळ १९२१ साली संरक्षित करण्यात आला. मेंढ्यांचे कळप कमी झाल्यास तो झाडीने व्यापला जातो, असा अनुभव आल्याने तेथे कळपांची चराई संरक्षणाचाच भाग म्हणून चालू ठेवण्यात आली.

ब्रिटिश अंमल व कायदे : मालवण १८१२ साली कोल्हापूरकरांकडून इंग्रजांकडे आले. किनारी भाग पुढे रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, तर कुडाळ-बांदा परिसर सावंतवाडी संस्थानात होता. रत्नागिरी जिल्ह्यातील बहुसंख्य गावांत खोती पद्धती होती. १८८० च्या खोती कायद्याने खोत व कुळे यांचे संबंध निश्चित करण्याचा प्रयत्न झाला. परंतु वरकस जमिनी, गवत व झाडे यांवरील हक्कांचे तंटे चालूच राहिले. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने कोंडवाडे स्थापन झाले व दुसऱ्याच्या पिकात शिरलेल्या गुरांसाठी दंड आकारला जाऊ लागला. १८७८ च्या वन अधिनियमाने राखीव वनांतील चराईवर नियंत्रण आणले; मात्र या जिल्ह्यात सरकारी वनांचे प्रमाण अल्प असल्याने सड्यांवरील चराई रूढीनेच चालू राहिली.

या काळातील जमीन मोजणीत खडकाळ क्षेत्र ‘पोटखराब’ म्हणून सारामुक्त ठेवण्यात आले. साऱ्याच्या दृष्टीने हे न्याय्य होते. परंतु त्यामुळे ज्यावर गावाचे पशुधन पोसले जाते ती जमीन दप्तरात निरुपयोगी ठरली. या नोंदीचा परिणाम दीर्घकालीन झाला. २००० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतीय पडीक भूमीच्या नकाशासंग्रहातही उघड्या खडकाळ क्षेत्राची गणना पडीक भूमीतच करण्यात आली.

स्वातंत्र्योत्तर बदल : १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट अधिनियमाने शेतीच्या व्याख्येत गवताचे उत्पादन, शेतकऱ्याने आपल्या जमिनीत गुरे चारणे व राबासाठी जमिनीचा वापर यांचा समावेश केला. कायद्याने चराईला शेतीचा दर्जा दिल्याचे हे एक लक्षणीय उदाहरण होय. १९४९ च्या खोती निर्मूलन अधिनियमानंतर जमिनी कुळांच्या व वहिवाटदारांच्या नावे झाल्या. कोकणातील अनेक सडे सामाईक मालकीचे, बहुसंख्य हिस्सेदारांचे राहिले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये गावातील गुरांच्या मोफत चराईसाठी सरकारी जमीन राखून ठेवण्याची तरतूद आहे. परंतु खाजगी सामाईक सड्यांना तिचा लाभ मिळत नाही.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून अलग करण्यात आला. त्या सुमारास घरटी एक-दोन माणसे मुंबईस व उरलेले कुटुंब गावी ही जीवनपद्धती रूढ होती. गुरे राखण्यास माणूस मिळेनासा झाला. पुढे भातशेतीत पॉवर टिलरचा प्रसार होऊन बैलजोडीची गरज संपली. रासायनिक खतांमुळे शेणखताचे महत्त्वही घटले. दुधासाठी संकरित गाई व म्हशी गोठ्यात बांधून पोसल्या जाऊ लागल्या. त्यांना सड्यावरील चराई मानवत नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेच्या तुलनेत सहा टक्क्यांनी घटली.

याच काळात सड्याचे आर्थिक मूल्य बदलले. वेंगुर्ले येथे १९५७ साली फळ संशोधन केंद्र स्थापन झाले व तेथून काजूच्या सुधारित जाती प्रसृत झाल्या. १९९० साली रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवड योजना सुरू झाल्यावर हापूस आंबा व काजू यांच्या लागवडीने वरकस जमिनी व सडे व्यापले. देवगड भागात कातळात सुरुंगाने खड्डे घेऊन, बाहेरून आणलेली माती भरून कलमे लावण्यात आली. या लागवडीने हजारो कुटुंबांना आर्थिक स्थैर्य दिले, ही वस्तुस्थिती आहे. परंतु बागांना कुंपणे पडल्याने गुरांच्या वाटा बंद झाल्या. चिरेखाणींनीही सड्याचा काही भाग व्यापला. वेंगुर्ले तालुक्यातील चिपी येथील पठारावर उभारलेल्या विमानतळाचे उद्‌घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले.

जेथे लागवड झाली नाही व गुरेही राहिली नाहीत, तेथे वेगळाच बदल दिसून येतो. न चरलेले व न कापलेले गवत वाळून उभे राहते. घाणेरी व रानमोडी या परदेशी झुडपांचा शिरकाव होतो आणि उन्हाळ्यात वणवे भडकतात. अशा वणव्यांत शेजारच्या आंबा-काजूच्या बागाही जळतात. म्हणजे चराई थांबल्याची किंमत वन्यजीवांप्रमाणे बागायतदारासही मोजावी लागते.

चराईबंदीचे अनुभव : वन्यजीवरक्षणासाठी गुरे पूर्णतः हद्दपार करावीत, हे मत भारतात दीर्घकाळ प्रचलित होते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८२ साली सर्व चराईवर बंदी घालण्यात आली. ख्यातनाम पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचाही तिला पाठिंबा होता. त्याविरुद्ध झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात काही ग्रामस्थ मृत्युमुखी पडले. मुंबईच्या बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे १९८० ते १९९० या काळात दीर्घ अभ्यास केला. म्हशी नाहीशा झाल्यावर पाणथळ गवत माजून उथळ पाणी व्यापले गेले व अनेक पाणपक्ष्यांना ते प्रतिकूल ठरले, असा निष्कर्ष त्यातून निघाला. ज्या संस्थेशी सालिम अलींचे नाव आयुष्यभर निगडित होते, तिच्याच अभ्यासाने बंदीचा पुनर्विचार सुचविला, ही गोष्ट निसर्गरक्षणाच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा समावेश २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत झाला. पर्यटकांच्या गर्दीपासून फुलांचे रक्षण करण्यासाठी तेथे जाळीचे कुंपण घालण्यात आले व गुरांचा प्रवेश थांबला. त्यानंतर फुलांचे ताटवे विरळ होऊन उंच गवत वाढल्याची तक्रार ग्रामस्थांनी केली व काही अभ्यासकांनीही चराईबंदीकडे लक्ष वेधले. अखेर २०२२ च्या सुमारास कुंपण हटविण्याचा निर्णय घेण्यात आला. कासचे पठार उंचीने व हवामानाने किनारी सड्यांहून भिन्न आहे. तेथील निष्कर्ष मालवणच्या सड्यांस जसेच्या तसे लावता येत नाहीत. परंतु चराई थांबविणे हीदेखील निसर्गातील एक ढवळाढवळच असते, एवढे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

सद्यःस्थिती : मालवणच्या किनाऱ्यावरील सागरी जीवनाच्या रक्षणार्थ १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याच किनाऱ्यालगतच्या सड्यांना असे संरक्षण नाही. सड्यांच्या जैवविविधतेची शास्त्रीय नोंद तुलनेने अलीकडची असून अपर्णा वाटवे यांनी २०१३ साली उत्तर पश्चिम घाट व कोकणातील खडकाळ पठारांच्या स्थितीचा आढावा प्रसिद्ध केला. सडा हा ओसाड नसून स्वतंत्र अधिवास आहे, ही जाणीव अशा अभ्यासांमुळे वाढीस लागली.

संरक्षणाचा विचार करताना अभयारण्याची पद्धती येथे अपुरी पडते. कारण जमीन खाजगी आहे आणि अधिवासाची राखण करणारा कळप शेतकऱ्याच्या मालकीचा आहे. यूरोपीय देशांत १९८० नंतर अशा परिस्थितीत शेतकऱ्यास ठरावीक प्रमाणात व ठरावीक हंगामात गुरे चारण्याबद्दल मोबदला देण्याच्या योजना सुरू झाल्या. कोकणात अशा व्यवस्थेसाठी आवश्यक असलेले बरेच घटक परंपरेनेच उपलब्ध होते : कोणत्या महिन्यात शेत बंद व सडा खुला, कोणत्या भागात गवत राखावयाचे, रात्री गुरे कोठे बांधावयाची व राखणदारास काय द्यावयाचे, हे नियम गावाने ठरविलेले असत. कोकण कपिला गोवंशाच्या संवर्धनाची चर्चा प्रामुख्याने पैदास व दूध यांभोवती फिरते. या गुरांचे खरे क्षेत्र सडा असल्याने चराईची जमीन व राखणदार यांच्याविना हा गोवंश केवळ गोठ्यात टिकविणे कठीण आहे.

राखणदाराचे ज्ञान लिखित स्वरूपात नाही. कोणत्या डबक्याचे पाणी केव्हा आटते, कोणते गवत कुसळ धरण्यापूर्वी चारावे, टिटवीची अंडी कोणत्या खडकाजवळ असतात, हे तो अनुभवाने जाणतो. शेवटचा कळप गोठणीवरून निघण्याचे थांबल्यावर त्या गावातील हे ज्ञान एका पिढीतच लोप पावते. कुंपण काढता येते आणि गुरेही पुन्हा आणता येतात. परंतु सडा राखण्याची रीत पुन्हा निर्माण करणे त्याहून पुष्कळ अवघड आहे.